वर्गातलं चित्रण पालकांच्या मोबाइलवर असावं का?

एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी आठवीत शिकते. शाळेने यंदा फाटक, जिने, स्वच्छतागृहांबाहेरची मोकळी जागा आणि प्रत्येक वर्गात कॅमेरे बसवायचं ठरवलं आहे. वर्गातलं चित्रण पालकांना ॲपवर थेट दिसेल. घरी संमतीपत्र आलं, त्यात एकच वाक्य आहे: "शाळेच्या कॅमेरा व्यवस्थेस माझी संमती आहे." पालकांच्या गटात त्यांनी "हे चित्रण कोण पाहणार?" असं विचारलं, तर "लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाची?" असं उत्तर आलं. यजमान म्हणतात, सही करून मोकळी हो. मुलगी म्हणते, "कॅमेरा लागला तर मी वर्गात शंका विचारणार नाही." पालक-शिक्षक संघाची सभा पंधरा दिवसांवर आली आहे. त्या विचारतात: "विरोध केला तर मुलांच्या सुरक्षेच्या आड येते असा शिक्का बसेल. गप्प बसले तर मुलीला काय सांगू? सही करू की नको?"

ताई, नमस्कार.

सही करायची की नाही, याकडे शेवटी येऊ. त्याआधी तुमच्या पत्रात आणि गटातल्या उत्तरांतही जे गृहीत धरलं आहे, ते तपासू. सुरक्षा हवी तर तेवढा खासगीपणा सोडावा लागतो, असं दोन्हीकडे मानलेलं दिसतं. शाळेच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरं नसतं. मुलांचं चित्रण भलत्याच माणसाच्या हाती पडलं, तर ती मुलांच्या सुरक्षेतलीच चूक झाली. कोणती मुलगी कुठल्या बाकावर बसते, कोणत्या दारातून किती वाजता बाहेर पडते, तिच्यासोबत कोण असतं, हे सगळं त्यात असतं. म्हणून "हे कोण पाहणार?" हा तुमचा प्रश्न सुरक्षेचाच आहे. सभेत तो तसाच मांडा.

दुसरं असं की, "कॅमेरे हवेत की नकोत" हा एकच प्रश्न म्हणून घेतलात तर तुम्ही हरणार, आणि हरणं योग्यही ठरेल. फाटकावरचा कॅमेरा, जिन्यातला कॅमेरा, वर्गातला कॅमेरा आणि वर्गाचं मोबाइलवरचं थेट चित्रण या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही एकाच संमतीपत्रात बांधल्या आहेत. पहिल्या दोन मान्य करा, मनापासून करा. तिसरीला अटी घाला. चौथीला नकार द्या. हे माझं मत आहे, कारणं पुढे देते.

आधी कॅमेऱ्याला काय जमतं ते पाहू. शाळेतला कॅमेरा सहसा घटना थांबवत नाही, घडल्यानंतर काय झालं ते सांगतो. सोळा चौकटींचा पडदा कार्यालयात लावला, तरी दिवसभर त्याच्याकडे बघत बसणारा माणूस नसतो. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्यात चेहरा ओळखता येईल अशी समजूत असते, तीही चुकीची. अनोळखी व्यक्तीची ओळख पटावी इतका स्पष्ट चेहरा हवा असेल, तर दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) हवेत, असं ६२६७६ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत सांगितलं होतं. माहितीतला माणूस ओळखायला १२५ पुरतात. कोणीतरी आहे एवढंच कळायला २५. नेहमीचा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा १९२० पिक्सेल रुंद चित्र देतो. म्हणजे जेमतेम साडेसात मीटर रुंदीपर्यंतच तो ओळख पटण्याजोगा चेहरा देईल. तोच कॅमेरा तीस मीटर रुंद मैदानावर लावला तर मीटरला ६४ पिक्सेल उरतात. गर्दी दिसेल, चेहरा नाही.

यातून निघणारा अर्थ तुमच्या बाजूचा आहे. शाळेकडे जेवढे चांगले कॅमेरे आहेत, ते आधी अरुंद जागी लागले पाहिजेत: फाटक, मागचं दार, जिन्याचे वळसे, बसमध्ये चढण्याची जागा. फाटकावरचा कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीच्या थोडा वर असावा. फार उंच लावला की टोप्या आणि डोकी तेवढी दिसतात. त्याच्या समोर सकाळचं किंवा संध्याकाळचं ऊन येत असेल, तर येणाऱ्याचा चेहरा काळा पडतो. जागा बदला, नाहीतर उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारा कॅमेरा घ्या.

आता साठवण. सभेत याबद्दल कोणी बोलत नाही आणि नेमकं इथेच सगळं फसतं. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने अखंड रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा खातो. सोळा कॅमेऱ्यांचे झाले जवळजवळ ३४५ जीबी. रेकॉर्डरमध्ये ४ टीबीची (४,००० जीबीची) हार्ड डिस्क असेल, तर साधारण साडेअकरा दिवसांत ती भरते आणि यंत्र सर्वांत जुन्या चित्रणावर नवं लिहायला लागतं. माहितीपत्रकात "३० दिवस" छापलेलं असू शकतं, पण तेवढ्यासाठी या हिशेबाने १० टीबीपेक्षा जास्त जागा लागेल. लहान मूल पुष्कळदा घडलेली गोष्ट दोन-तीन आठवड्यांनी सांगतं. तोवर चित्रण पुसलेलं असतं, आणि मग सगळे एकमेकांवर संशय घेतात. फक्त हालचालीच्या वेळी रेकॉर्डिंग ठेवलं तर दिवस वाढतात, पण मग हालचालीच्या आधीचे काही सेकंद जपण्याची सोय चालू केली पाहिजे, नाहीतर घटनेची सुरुवातच गायब होते.

म्हणजे ठेवण्याची मुदत फार कमी असली तरी मुलांचं नुकसान आणि फार जास्त असली तरीही. माझ्या मते ३० दिवस ठीक आहेत. त्यानंतर चित्रण आपोआप पुसलं जावं. तक्रार आली, तर त्या कॅमेऱ्याचं त्या काळातलं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढून कुलूपबंद ठेवावं. तेवढ्यासाठी सगळ्या शाळेचं चित्रण वर्षभर साठवायची गरज नाही.

स्वच्छतागृहांबद्दल शाळा म्हणते की कॅमेरा बाहेर आहे. बाहेर म्हणजे कुठे, ते प्रत्यक्ष पाहा. दार सताड उघडं असताना, अर्धं उघडं असताना आणि कोणी आत-बाहेर करत असताना कार्यालयातल्या पडद्यावर काय दिसतं, ते बघायला दोन पालक आणि एक शिक्षिका जाऊ शकतात. हात धुण्याच्या जागी आरसा असेल तर त्यात आतलं प्रतिबिंब येतं, आणि हे लावणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. कॅमेरा दाराच्या समोर न ठेवता भिंतीलगत, मोकळ्या वाटेच्या दिशेने ठेवला की कोण आत गेलं, कोण बाहेर आलं एवढं कळतं आणि आतलं काही येत नाही. तरीही कोपरा येत असेल, तर चित्राचा तेवढा भाग काळ्या पट्टीने झाकण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती पट्टी कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये लावायची. नुसती पडद्यावर लावली तर रेकॉर्डिंगमध्ये सगळं उघडंच राहतं. जुनं चित्रण काढून पट्टी त्यातही आहे ना, हे बघून घ्या.

हे फार बारकाईचं वाटत असेल, तर अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला एक खटला सांगते. तिथे एका शाळेने मुला-मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांत कॅमेरे लावले होते. ते चित्रण इंटरनेटवरून दूरवर पाहता येत होतं आणि यंत्रासोबत आलेला मूळ पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. २००८ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने हा विद्यार्थ्यांच्या खासगीपणाचा भंग ठरवला. शाळेचा हेतू सुरक्षेचाच होता. नुसत्या चांगल्या हेतूने मुलांचं रक्षण होत नाही, जागा, पासवर्ड आणि तपासणी यांनी होतं.

आता वर्ग. तुमची मुलगी जे म्हणते ते लाडावलेपण समजू नका. शिकताना मूल चुकतं, अडखळतं, वेडगळ प्रश्न विचारतं, रडतं. हे चाळीस ओळखीच्या चेहऱ्यांसमोर करणं वेगळं आणि कोण कधी बघेल हे माहीत नसताना करणं वेगळं. शिक्षकांवरही तोच परिणाम होतो. कठीण विषयावर मोकळी चर्चा घेणारे शिक्षक पाठ्यपुस्तक वाचून दाखवायला लागतात. मॉन्टेनेग्रोमधल्या विद्यापीठात व्याख्यानाच्या सभागृहांत कॅमेरे बसवले, तेव्हा दोन प्राध्यापक दाद मागायला गेले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला की शिकवण्याची जागा सार्वजनिक असली तरी तिथे खासगी आयुष्याचा हक्क संपत नाही, आणि या पाळतीने त्याचा भंग झाला. "वर्ग काय खासगी खोली आहे का?" असं सभेत कोणी विचारलं, तर हा निकाल हाताशी ठेवा.

तरीही वर्गातल्या कॅमेऱ्याला मी सरसकट नाही म्हणणार नाही. जी मुलं झालेलं नीट सांगू शकत नाहीत, अशा बालवर्गात त्याचं समर्थन होऊ शकतं. प्रयोगशाळेतही होऊ शकतं. पण मग ते चित्रण कुलूपबंद राहावं, तक्रार आली तरच उघडावं आणि आवाज अजिबात रेकॉर्ड होऊ नये. आवाजाचं मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ कॅमेऱ्यांत मायक्रोफोन आतच बसवलेला असतो आणि बसवणारा माणूस तो चालूच ठेवून जातो. प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो एक-एक करून बंद करावा लागतो. एका वर्गात बंद केला म्हणजे सगळीकडे झाला, असं नाही. आठवीच्या वर्गाला मात्र दाराला काचेची पट्टी, उघड्या खिडक्या आणि कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटा प्रौढ राहणार नाही हा कडक नियम, या तीन गोष्टींनी जे साधतं ते कॅमेऱ्याने साधणार नाही. कॅमेऱ्याला पाठमोऱ्या माणसाच्या हाताखाली काय चाललंय ते दिसत नाही. आणि गैरवर्तन करणाऱ्याला कॅमेरे कुठे नाहीत हे आठवडाभरात पाठ होतं.

थेट चित्रणाचा प्रश्न मला सगळ्यांत गंभीर वाटतो. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर सुमारे ऐंशी फोनवर ते चित्रण जाणार. ॲपवाले सांगतील की रेकॉर्ड करता येत नाही. फोनचा पडदा टिपणं अडवता येतं असं धरलं, तरी दुसऱ्या फोनने पडद्याचा व्हिडिओ काढायला कोणाला अडवणार? पासवर्ड आजोबांना जातो, मामांना जातो, जुना फोन विकला जातो तेव्हा त्यातच राहतो. ज्या घरात आई-वडिलांचा ताब्यावरून वाद चालू आहे, तिथे ज्याला मुलाच्या जवळ जायची मनाई आहे त्यालाही मूल कुठे आहे ते दिसतं. एखाद्या मुलाला फीट येते, एखाद्या मुलीचे कपडे खराब होतात, एखाद्याला शिक्षक रागावतात; हे ऐंशी घरांत एकाच क्षणी पोचतं आणि संध्याकाळपर्यंत गटात फिरतं. तुमच्या मुलीला तुम्ही पाहता हा तुमचा हक्क असेल, पण त्याच चौकटीत बाकीची एकोणचाळीस मुलं आहेत. त्यांच्या पालकांची परवानगी तुम्ही देऊ शकत नाही आणि तुमच्या मुलीची ते देऊ शकत नाहीत. गटातल्या "लपवण्यासारखं काय आहे?" या प्रश्नाला माझं उत्तर इथेच आहे: दुसऱ्याच्या मुलाचा वाईट क्षण.

शिवाय थेट चित्रणाने सुरक्षाही वाढत नाही. पालक कामावर असतात, अधूनमधून दोन मिनिटं बघतात, आपलं मूल मान खाली घालून बसलेलं दिसलं की शाळेला फोन करतात. मुख्याध्यापकांचा दिवस या फोनांना उत्तरं देण्यात जातो.

तांत्रिक बाजूही कच्ची असते. चित्रण बाहेर पाठवायचं म्हणजे कॅमेरे किंवा रेकॉर्डर इंटरनेटला जोडायचे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. मार्च २०२१ मध्ये वर्काडा या अमेरिकी कंपनीच्या प्रशासक खात्याची माहिती फुटली आणि शाळा, रुग्णालयं धरून सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांचं चित्रण परक्यांना खुलं झालं. त्या शाळांनी स्वतःचे पासवर्ड कितीही जपले असते, तरी काही उपयोग नव्हता. म्हणून रेकॉर्डर शाळेच्या आतच, कुलूपबंद कपाटात, मुलांच्या आणि पाहुण्यांच्या वाय-फायपासून वेगळ्या जाळ्यावर असावा. दुरून पाहण्याची सोय बंद असावी. प्रत्येक अधिकृत माणसाचं स्वतंत्र खातं असावं. सगळ्यांसाठी एकच "ॲडमिन" असला की कोणी काय पाहिलं याची नोंदच निरर्थक होते. बसवणाऱ्या ठेकेदाराने काम झाल्यावर स्वतःचं खातं ठेवून जाऊ नये, हेही बघा.

संमतीपत्राबद्दल. स्वीडनमधल्या शेलेफ्टिओ इथल्या एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली होती. पालकांची संमती घेतलेली होती. तरीही २०१९ मध्ये तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने दोन लाख क्रोनांचा दंड केला. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतात, तेव्हा अशी संमती मोकळ्या मनाने दिलेली मानता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. तुमच्या हातातल्या कागदालाही हे लागू पडतं.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानतो आणि संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी असं सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. मुलांवर पाळत ठेवायला हा कायदा मनाई करतो, पण शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शाळांना सूट देतो. म्हणजे फाटकावरच्या कॅमेऱ्याला कायदा आड येत नाही. मात्र सूट ज्या कारणासाठी आहे त्याच्या बाहेर चित्रण वापरलं, उदाहरणार्थ शाळेच्या जाहिरातीत, तर ती ढाल उरत नाही. एका वाक्याची सरसकट संमती "विशिष्ट" कशी, हा प्रश्न तुम्ही नम्रपणे विचारू शकता.

सभेपूर्वी मुख्याध्यापकांना भेटा. सभेत एकदम प्रश्न आले की माणूस बचावात जातो, आधी भेटलं की बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. कॅमेऱ्यांच्या जागा दाखवणारा नकाशा मागा. मग सभेत विरोध न मांडता ठराव मांडा. मजकूर असा ठेवता येईल: "फाटक, जिने आणि मोकळ्या वाटांवरील कॅमेऱ्यांस संघाची मान्यता आहे. आवाज रेकॉर्ड केला जाणार नाही. चेहरा ओळखणारी प्रणाली वापरली जाणार नाही. चित्रण ३० दिवस ठेवले जाईल. ते पाहण्याचा अधिकार मुख्याध्यापक आणि एका नेमलेल्या शिक्षिकेला असेल. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, कारण आणि सही नोंदवहीत होईल. वर्गांचे थेट प्रक्षेपण केले जाणार नाही." कॅमेरे आहेत असा फलक प्रत्येक दारावर लावावा, आणि शंका कोणाला विचारायची त्याचं नावही त्यावर असावं.

तक्रार आल्यावर काय करायचं, तेही ठरावात घाला. चित्रणाची प्रत कोणाच्याही खासगी फोनवर घेऊ नये. न्यायालयात ते टिकायचं असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्यात प्रतीचं हॅश मूल्य (फाइलवरून गणिताने निघणारा अंक-अक्षरांचा ठसा) नोंदवावं लागतं, म्हणजे नंतर फेरफार झाला तर कळतो. रेकॉर्डरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे-मागे असेल तर बचाव पक्ष त्याच्यावरच बोट ठेवतो. ते दर आठवड्याला जुळवायला हवं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी चित्रण पाहून शाळेने खात्री करायची, असा क्रम नाही. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही आहे. आणि पीडित किंवा साक्षीदार मुलाची ओळख पटेल असं काही गटात टाकणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, हे सगळ्या पालकांना सभेतच सांगितलेलं बरं.

सहीचं असं करा. कोरा नकार देऊ नका. संमतीपत्रावरच लिहा: "फाटक, जिने व वाटांवरील कॅमेऱ्यांस संमती. वर्गातील चित्रणाचे थेट प्रक्षेपण, आवाजाचे रेकॉर्डिंग आणि चेहरा ओळख यांस संमती नाही." खाली सही, तारीख, आणि पोच घेतलेली एक प्रत स्वतःकडे. यजमानांनाही हे पटेल असं वाटतं, कारण यात शाळेशी भांडण नाही. दोन-तीन पालकांनी असंच लिहून दिलं तर शाळेला विचार करावाच लागतो. ठराव फेटाळला गेला, तरी तुमचा मुद्दा इतिवृत्तात आला का ते बघा आणि प्रत मागून घ्या.

मुलीला सभेत काय झालं ते खरं सांगा, हरलात तरी. कॅमेरा कुठे आहे, त्यात काय दिसतं, आवाज येतो की नाही, कोण बघू शकतं, हे तिला माहीत असायला हवं. शक्य असेल तर शाळेला विनंती करून वर्गातल्या दोन-तीन मुलांना तो पडदा दाखवा. कॅमेरा लागल्यावर ती शंका विचारत नसेल, तर वर्गशिक्षिकांशी बोला आणि तास संपल्यावर किंवा चिठ्ठीवर विचारायची मुभा मागा.

कॅमेरे बसल्यावर तीन महिन्यांनी कार्यालयात एवढंच विचारा: "आज रेकॉर्डरमध्ये सर्वांत जुनं चित्रण कोणत्या तारखेचं आहे?" तारीख ३० दिवसांपेक्षा बरीच अलीकडची निघाली तर डिस्क अपुरी आहे किंवा बिघडली आहे. बरीच जुनी निघाली तर पुसण्याची सेटिंग लावलेलीच नाही. कोणालाच सांगता आली नाही, तर पुढच्या सभेचा पहिला विषय तोच ठेवा.